माझे कुलूप आणि शेजाऱ्याची गाडी

२०२३च्या जुलैत, अधिक श्रावण चालू असताना, आमच्या गल्लीतून एक जुनी गाडी चोरीला गेली. गाडी माझी नव्हे, शेजाऱ्यांची. ती मी चोरली नाही. चोराला मी पाहिले नाही, त्याला वाट दाखवली नाही, आणि चोरी झाली तेव्हा मी पांघरूण घेऊन झोपलो होतो. माझ्यावर बोट ठेवता येईल असे एकही कलम कायद्याच्या पुस्तकात नाही. तरी त्या चोरीत माझा वाटा किती, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला आहे. एम.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतले होते. पुढे हायस्कुलात नोकरी लागली आणि त्या तत्त्वज्ञानाचा उपयोग हरवलेल्या कंपासपेट्यांचे निवाडे करण्यापुरता उरला. पण हा एक निवाडा काही केल्या होत नाही, म्हणून वाचकांसमोर मांडतो.

आधी माझ्या गाडीविषयी सांगायला हवे. ती आहे फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट, १९६७ सालची. माझे मामा बेळगावात वकिली करीत. त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईत कुर्ल्याला या गाड्या बनवी. मामांचा नंबर लागला त्या दिवशी मामींनी म्हणे पुरणपोळी केली होती. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच, पुढे सलग बाकासारखी बैठक, १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन. आम्ही भाचरे सुट्टीत तिच्यात सातजण बसून आंबोलीला गेल्याचे मला आठवते. १९९८ साली मामा गेले. तेराव्यानंतर मामींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘विकू नको रे. आणि नुसती उभीही करून ठेवू नको.’ त्या दोन वाक्यांत मालकीपेक्षा निराळे काहीतरी होते. गाडी माझी झाली असे मला कधी वाटले नाही. ती माझ्याकडे ठेवायला दिली आहे असेच वाटत आले.

पुढे पुढे अशा गाड्या रस्त्यावरून कमी होऊ लागल्या. याच जातीची पुढची पिढी म्हणजे पद्मिनी. तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरची तिची टॅक्सीही निवृत्त झाली. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. कालपर्यंत ज्याला लोक खटारा म्हणत होते त्याला वारसा म्हणू लागले. वारसा म्हटले की किंमत आली, आणि किंमत आली की चोर आला.

जुन्या गाडीची चोरी नव्या गाडीच्या चोरीसारखी नसते. नवी गाडी गेली तर विम्याचे पैसे मिळतात आणि तशीच दुसरी दुकानात उभी असते. जुनी गेली तर गेली. शिवाय तिला चोरापासून वाचवणारे तिच्या अंगात काही नसते. नव्या गाडीच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक खूण असते, ती जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. माझ्या फियाटचे कुलूप पन्नास-पंचावन्न वर्षे घासून इतके गुळगुळीत झाले आहे की एकदा आमच्या सौ.नी घाईत कपाटाची किल्ली घातली तर दार उघडले.

मामांची यावर एक युक्ती होती. मुक्कामाच्या ठिकाणी गाडी उभी केली की ते बॉनेट उघडत, डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढत आणि आतला रोटर काढून कोटाच्या खिशात टाकत. हा रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. तो आत गरगर फिरतो आणि चारही सिलिंडरना पाळीपाळीने ठिणगी वाटून देतो. तो नसेल तर किल्ली असूनही गाडी मुकी. ही युक्ती मामांची स्वतःची नव्हे. १९४० साली जर्मन उतरतील या भीतीने ब्रिटनमध्ये उभी केलेली प्रत्येक गाडी निकामी करून ठेवण्याचा हुकूम निघाला होता, आणि लोक रोटर काढून घेऊन घरात जात. मामांच्या कोटाच्या त्या खिशाला कायम ऑइलचा डाग असे आणि मामी त्यावरून कायम बोलत. मी मात्र आळसाने ती सवय सोडून दिली. पावसात भिजत बॉनेट कोण उघडणार?

आता मुख्य गोष्ट. जूनच्या शेवटी माझ्या गाडीचे ब्रेक पाहून देताना आमचे मिस्त्री हळूच म्हणाले, ‘सर, गाडी जरा सांभाळून ठेवा की हो. परवा दोघे पोरं आलती. टिळकवाडीत जुन्या फियाटी कुणाकुणाकडं आहेत म्हणून विचारत होती. घ्यायच्या आहेत म्हणे. पण घेणाऱ्याचं तोंड वेगळं असतंय.’

मिस्त्रींचा डोळा चुकत नाही. मी त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन स्टीअरिंगला अडकवायचा एक दणकट लोखंडी दांडा आणला. लालभडक रंगाचा, मुठीएवढ्या कुलपाचा. काचेतून लांबवरून दिसावा असाच तो केलेला असतो. रात्री झोपण्यापूर्वी तो अडकवताना ‘खट्’ असा आवाज येई आणि मला छान झोप लागे. मिस्त्रींचे बोलणे मी सौ.ला सांगितले. बाहेर कुणालाही सांगितले नाही. लपवायचे होते असे नाही. सांगायचे सुचलेच नाही. माझी गाडी सुरक्षित झाली आणि तो विषय माझ्यापुरता मिटला.

शेजारी आमचे पोस्टमास्तर राहतात. टपाल खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा-तेरा वर्षे झाली, पण गल्लीत अजून तेच नाव. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्यांनी १९८४ची एक पद्मिनी जुनी म्हणूनच विकत घेतली होती. हौस म्हणून नव्हे. काकूंचे गुडघे गेलेले, रिक्षात चढता येत नाही. पद्मिनीची बैठक मात्र त्यांना बरोबर उंचीची. दर सोमवारी पोस्टमास्तर त्यांना कपिलेश्वराला घेऊन जात. गाडी आठवड्यातून एवढीच बाहेर निघे. एरवी फाटकाबाहेर, भिंतीला लागून, ताडपत्री पांघरून उभी.

ती एका मंगळवारी पहाटे तिथे नव्हती. रात्रभर मुसळधार पाऊस होता, कुणाला काही ऐकू आले नाही. ताडपत्री नीट घडी घालून भिंतीवर ठेवलेली होती. चोराने घाईही केली नव्हती.

पोलीस आले, पंचनामा झाला, पंच म्हणून माझी सही झाली. तेवढ्यात हवालदाराचे लक्ष माझ्या गाडीकडे गेले. चालकाच्या बाजूच्या काचेचे रबर पात्याने कापलेले होते. दार उघडून पुन्हा लोटलेले होते. आत बैठकीवर चिखलाचा ओला पंजा उमटला होता. चोर आधी माझ्या गाडीत बसला होता. लाल दांडा पाहिला, बहुधा एकदा हलवूनही पाहिला, आणि उतरून दहा पावले पुढे गेला. हवालदार कौतुकाने म्हणाले, ‘सर, शहाणपण केलंत म्हणून तुमची वाचली. यांनीही एवढं केलं असतं तर?’ पोस्टमास्तर तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. मी मात्र त्या शाबासकीने आतून चरकलो.

घरात आलो तर सौ. चहा गाळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, ‘मिस्त्री म्हणाले ते तुम्ही शेजारी सांगितलं होतं ना?’

‘राहून गेलं,’ मी म्हणालो.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. चहा पुढे ठेवला.

हवालदाराचे ते वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकले आहे असे मला दिवसभर वाटत राहिले. दुपारी शाळेच्या सायकल स्टँडजवळून जाताना आठवले. ते माझेच वाक्य होते. वर्षातून दोन-तीन सायकली स्टँडवरून जातात. रडवेला पोरगा माझ्या समोर उभा राहतो आणि मी पहिला प्रश्न विचारतो, ‘कुलूप का लावलं नव्हतंस?’ ज्यांच्या सायकलींना साखळ्या असतात त्यांची नावे मी प्रार्थनेच्या वेळी कौतुकाने सांगतो. चाळीस सायकलींपैकी एकोणचाळीसांना साखळ्या असल्या तर चाळिसाव्याची जाणार, हे साधे गणित माझ्या कधी डोक्यात आले नव्हते. जो चाळिसावा असतो त्याच्याकडे बहुधा साखळीला पैसे नसतात, हेही नाही.

हे नुसते माझ्या मनाचे खेळ नाहीत. परदेशात हे मोजून पाहिलेले आहे. ब्रिटनमध्ये १९७१पासून प्रत्येक नव्या गाडीला स्टीअरिंगचे कुलूप बसवूनच ती विकायची असा नियम झाला. मग लंडन भागातल्या १९६९ आणि १९७३ सालच्या चोऱ्यांची तुलना करण्यात आली. नव्या गाड्यांच्या चोऱ्या एकदम घटल्या होत्या. पण चोर काही संन्यासी झाले नव्हते. ते कुलूप नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळले होते. ज्याला नवी गाडी परवडली तो वाचला, आणि त्याच्या वाट्याची चोरी जुनी गाडी वापरणाऱ्याच्या दारात जाऊन पडली. पश्चिम जर्मनीने हेच काम निराळ्या रीतीने केले होते. तिथे १९६३पर्यंत नव्या आणि जुन्या सगळ्याच गाड्यांना असे कुलूप सक्तीचे झाले. तिथे चोऱ्या इकडून तिकडे सरकल्या नाहीत, एकंदरीतच कमी झाल्या. कुलूप दोन्हीकडे एकच होते. एका देशात ते काहींना लावले आणि दुसऱ्यात सर्वांना, एवढाच फरक.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. नदीकाठचा एक शेतकरी आपला बांध दोन हात उंच करतो. त्याचे पीक वाचते आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात अधिक घुसते. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्या जिल्ह्यात पाण्याने काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. पाणी कमी होत नाही, ते फक्त दुसऱ्याकडे जाते. याच्या उलट लशीचे असते. माझ्या पिढीच्या प्रत्येकाच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. तो वण मला वाचवतो आणि माझ्यापासून शेजाऱ्याच्या लेकरालाही वाचवतो, कारण माझ्यात न थांबलेला रोग पुढे जायला जागाच उरत नाही. दंडादंडावर तो वण उमटला म्हणूनच १९८०मध्ये देवीचा रोग जगातून संपल्याचे जाहीर करता आले.

तेव्हा स्वतःचे राखण्याचेही दोन प्रकार आहेत, असे मला वाटू लागले. एक बांधाची राखण, दुसरी लशीची राखण. माझा लाल दांडा ही बांधाची राखण होती. तो चोराला सांगत होता, ‘इथे नको, पुढे जा.’ आणि पुढे कोण होते हे मला ठाऊक होते.

आता माझ्या बाजूने जे बोलता येईल तेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे, नाहीतर हा निवाडा एकतर्फी होईल. पहिली गोष्ट, पाण्याला इच्छा नसते, चोराला असते. तो दहा पावले पुढे गेला ते स्वतःच्या पायांनी. चोरीच्या पापाचे माप त्याच्या पदरात पूर्ण भरले पाहिजे. त्यातले पसाभर काढून माझ्या ओंजळीत घातले म्हणून त्याचे कमी होत नाही. दुसरी गोष्ट, आपले राखणे हा गुन्हा मानला तर दाराला कडी लावणेही गुन्हा होईल. रात्री प्रत्येकजण दार लावतो ते शेजाऱ्यावर चोर सोडण्यासाठी नव्हे.

तिसरा युक्तिवाद जरा उंचावरचा आहे. कुणी म्हणेल, मुळात गाडीच कशाला हवी? पतंजलींनी पाच यम सांगितले त्यांत अस्तेय तिसरे आणि अपरिग्रह पाचवा. दुसऱ्याचे घेऊ नये, आणि स्वतःजवळही साठवू नये. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला कुलपाची चिंता नाही. हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. पण खरे सांगतो, हे उत्तर मला पळवाट वाटते. पोस्टमास्तरांची पद्मिनी हा काही परिग्रह नव्हता. काकूंच्या गुडघ्यांना ती दुसरी जोडी होती. आणि जुन्या वस्तू कुणीतरी राखल्याच पाहिजेत. जुनी हस्तलिखिते, जुनी वाद्ये, जुन्या विहिरी, तशाच जुन्या गाड्या. गांधीजींनी धनवंतांना विश्वस्त व्हायला सांगितले. माझ्यासारख्याजवळ धन नाही, पण मामींनी दिलेली किल्ली आहे. विश्वस्ताने राखण केलीच पाहिजे. प्रश्न उरतो तो एवढाच, की राखणाऱ्याचे कर्तव्य आपल्या फाटकाशी संपते का?

या सगळ्यात मी दोन महिने गुरफटून गेलो. निज श्रावण लागला. पहिला सोमवार आला, दुसरा आला, काकू घरातच. रिक्षा दारापर्यंत आली तरी पायरी चढवेना. पोस्टमास्तर एकटेच जाऊन बेल वाहून येत. उद्यमबागेच्या बाजूला गेले की ओतकामाच्या कारखान्यांपुढच्या भंगाराच्या ढिगांकडे त्यांची नजर वळते, असे त्यांनी एकदा हसत सांगितले. ‘एवढ्यात एखादं निळं दार दिसंल म्हणून बघतो हो.’ मला हसता आले नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळे सांगून टाकले. मिस्त्री काय म्हणाले होते, मी दांडा कधी आणला, चोर आधी माझ्या गाडीत बसला होता. काकू आत होत्या. पोस्टमास्तरांनी सुपारी कातरत सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘सर, चोर तुमच्या गाडीत बसून माझ्याकडे आला हे मला त्या दिवशीच कळलं होतं. पंचनाम्याला मीही होतो की. आणि तो लाल दांडा तर मी जुलैपासून बघत होतो. मनात म्हटलं, आपणही एक आणावा. आणला असता तर माझी वाचून पलीकडच्या डॉक्टरांची गेली असती. मग मी डॉक्टरांकडं कबुली द्यायला गेलो असतो का? नसतो गेलो. त्याचं काही मनात धरू नका.’

मला हलके वाटणार एवढ्यात त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

‘पण दोन पोरं विचारत फिरतात, हे जूनमध्ये कळलं होतं तुम्हाला. तेवढं सांगायला पाहिजे होतं, सर. दांड्याला पैसे पडतात. सांगायला काय पडतंय?’

चाळीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे वेळेवर पोचवलेल्या माणसाचे ते बोलणे होते. माझ्या दोन महिन्यांच्या तत्त्वचिंतनात जे हाती लागले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात समोर ठेवले. दांडा हा माझा दोष नव्हता. दोष होता तो माझ्याजवळ राहून गेलेल्या निरोपाचा. वस्तू राखताना आपण तिच्याभोवती कुंपण घालतो, आणि कुंपण घातले की माहितीही आपल्या मालकीची वाटू लागते. संकटाची बातमी ही कुणाची मालमत्ता नसते. ती ज्याला कळली त्याच्याकडे ती इतरांची ठेव असते, आणि ठेव परत न करणे याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. अस्तेय मी तीस वर्षे शिकवले ते ‘घेऊ नकोस’ या अर्थाने. ‘जे दुसऱ्याचे आहे ते आपल्याजवळ अडकवून ठेवू नकोस’ हाही त्याचा अर्थ असावा, हे मला त्या सुपारीच्या ताटाशी कळले.

त्यानंतर आम्ही काय केले ते सांगतो, कारण नुसती खंत मांडून थांबणे मला मास्तर म्हणून शोभणार नाही. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गल्लीतली सगळी माणसे पोस्टमास्तरांच्या ओट्यावर जमली. मिस्त्रींनाही बोलावले. गल्लीत चार जुन्या गाड्या आणि सहा-सात जुन्या स्कूटर आहेत. मिस्त्रींनी प्रत्येक जुन्या गाडीत इग्निशनच्या तारेवर एक छुपा स्विच बसवून दिला, प्रत्येकीत निराळ्या जागी. तो बंद असला की किल्ली फिरवा नाहीतर तारा जोडा, इंजिन जागे होत नाही. माझा कुठे आहे ते इथे लिहीत नाही. दिवाळी अंक चोरही वाचत असतील. बाहेरून गाडीकडे पाहून काही कळत नाही, आणि यातच त्याची खुबी आहे. अमेरिकेत गाडीत दडवून ठेवायचे एक रेडिओयंत्र निघाले. गाडी चोरीला गेली की पोलीस त्यावरून माग काढतात. ते कुठल्या गाडीत आहे हे चोराला ओळखता येत नाही. इयन एर्स आणि स्टीव्हन लेविट या दोन अभ्यासकांनी १९९८मध्ये दाखवून दिले की ज्या शहरांत ही यंत्रे आली तिथे सगळ्यांच्याच गाड्यांच्या चोऱ्या घटल्या, आणि या लाभाचा सुमारे दहावा हिस्साच यंत्र बसवणाऱ्याला मिळाला. उरलेले नऊ हिस्से अनोळखी शेजाऱ्यांच्या पदरात पडले. हे वाचले तेव्हा मला मामांच्या कोटावरचा ऑइलचा डाग आठवला. मामांचा रोटर गाडीबाहेरून कुणाला दिसत नव्हता. ‘पुढे जा’ असे तो चोराला सांगत नव्हता.

तरी एक शंका राहतेच. एकट्या माझ्या गाडीत छुपा स्विच असता, तर त्या रात्री चोर थोडा वेळ खटपट करून शेवटी पुढच्याच गाडीकडे गेला असता. एका दंडावरच्या लशीने साथ थांबत नाही. म्हणून स्विच बसवण्याआधी ओट्यावर जमणे महत्त्वाचे होते, असे मी मानतो. आता मिस्त्रींकडे कुणी चौकशी करून गेले, फाटकापाशी कुणी रेंगाळले, की तासाभरात सगळ्या घरी निरोप जातो. निरोपाचे काम अर्थातच पोस्टमास्तरांकडे आहे.

शाळेतही एक बदल केला. सायकल स्टँडला आरपार एक लांब साखळी बसवून घेतली. सकाळी शिपाई ती सगळ्या सायकलींतून ओवतो आणि एक कुलूप लावतो. चाळिसावा मुलगा आता निराळा ओळखू येत नाही. ‘कुलूप का लावलं नव्हतंस’ हा प्रश्न मी विचारणे बंद केले आहे.

पोस्टमास्तरांची गाडी मिळाली नाही. मिळेल असे आता त्यांनाही वाटत नाही. दर सोमवारी मी माझी फियाट त्यांच्या फाटकाशी नेऊन लावतो आणि काकूंना कपिलेश्वराला घेऊन जातो. हे प्रायश्चित्त आहे का, असे मला एकदा सौ.नी विचारले. मला सांगता आले नाही. प्रायश्चित्त म्हणावे तर त्यात त्रास हवा; मला तर ती फेरी आवडू लागली आहे. शिवाय गाडी नुसती उभी ठेवू नको हे मामींचे म्हणणेही आपोआप पाळले जाते. निवाडा झाला असेही मी म्हणत नाही. त्या रात्री गेलेली गाडी माझ्या एका शब्दाने वाचली असती की नसती, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि तो शब्द मी बोललो नव्हतो, एवढे मात्र ठरलेले आहे.

लाल दांडा माळ्यावर पडून आहे. परवाच्या सोमवारी देवळापाशी गाडी उभी केली. काकू माझ्या हाताचा आधार घेऊन उतरल्या आणि दोन पावले जाऊन थांबल्या. म्हणाल्या, ‘गाडी नीट बंद केलीत ना, सर? काळ बरा नाही हो.’

‘केली, काकू,’ मी म्हणालो, आणि हात आत घालून स्विच बंद केला. पोस्टमास्तर बेलाची पुडी सांभाळत मुद्दाम दुसरीकडे पाहत होते.